गप्पीदास : म्हैसूरच्या माळावरचा हिवाळी पाहुणा

स्थलांतरित पक्षी म्हटले की स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे ठरावीक नावे उभी राहतात. भरतपूरचा सायबेरियन क्रौंच, नागालँडमध्ये प्रचंड संख्येने उतरणारा अमूर ससाणा, उजनीच्या जलाशयावरील रोहित. यांपैकी सायबेरियन क्रौंच २००२ नंतर भरतपूरला आलेलाच नाही. मार्गदर्शक पुस्तकांत मात्र तो अजूनही सुखाने नांदतो आहे. या मोठ्या, देखण्या आणि पाणथळींशी निगडित पक्ष्यांच्या सावलीत दरवर्षी येणारे आणि जाणारे असंख्य लहान पक्षी अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांतीलच एक म्हणजे सायबेरियन गप्पीदास. चिमणीहूनही लहान, सुमारे १३ सेंटिमीटर लांबीचा आणि १५ ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भारतात येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. म्हैसूरच्या परिसरातील माळ, तलावांकाठची गवताळ पट्टी, कापणी झालेली शेते आणि पडीत राने येथे तो हिवाळाभर दिसतो.

या पक्ष्याचा अभ्यास दोन कारणांनी उपयुक्त ठरतो. स्थलांतर ही क्रिया नेमकी कशी घडते, याचे काही मूलभूत ज्ञान याच पक्षिकुळाने शास्त्रज्ञांना दिले आहे. दुसरे म्हणजे, हा पक्षी जेथे उतरतो ती जमीन आपल्या शासकीय दप्तरात कोणत्या नावाने नोंदलेली आहे, हा प्रश्न तो आपल्यापुढे उभा करतो.

ओळख आणि वर्गीकरण

पीटर सायमन पॅलास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये या पक्ष्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘सॅक्सिकोला मॉरस’ असे आहे. जुन्या पुस्तकांत मात्र तो ‘सॅक्सिकोला टॉर्क्वाटा’ या नावाखाली आढळतो, कारण युरोप, आफ्रिका आणि आशिया येथील गप्पीदास पूर्वी एकाच जातीचे मानले जात. डीएनए विश्लेषणाची साधने हाती आल्यानंतर या तिन्ही गटांत पुरेसा फरक असल्याचे दिसून आले आणि त्यांना स्वतंत्र जातींचा दर्जा देण्यात आला. त्याचप्रमाणे पूर्वी कस्तुर पक्ष्यांच्या कुळात गणला जाणारा हा पक्षी आता माशीमारांच्या कुळात समाविष्ट आहे. जुनी आणि नवी पुस्तके एकत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचा येथे गोंधळ होतो, म्हणून हा तपशील मुद्दाम दिला आहे.

विणीच्या काळातील नराचे डोके काळे असते, मानेच्या दोन्ही बाजूंस पांढरा पट्टा, छाती नारिंगी-तांबूस आणि पंखांवर पांढरा डाग असतो. मादी फिकट तपकिरी असून तिच्या पाठीवर गडद रेघा असतात. भारतात बारमाही राहणारा कवडा गप्पीदास हा याचा जवळचा नातलग. त्याचा नर जवळजवळ पूर्ण काळा असून पंखांवर आणि शेपटीखाली तेवढा पांढरा असतो, तर मादी गडद तपकिरी असते. दोघेही एकाच तारेवर दिसू शकतात, परंतु एवढे भेद लक्षात ठेवले तर ओळख पटण्यास अडचण येत नाही.

येथे एक सूक्ष्म बाब आवर्जून सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबरमध्ये म्हैसूरला पोहोचलेला नर वर वर्णन केल्याप्रमाणे दिसत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी, प्रवासाला निघण्यापूर्वी त्याला नवी पिसे आलेली असतात आणि त्या पिसांच्या कडा मातकट रंगाच्या असतात. या कडांखाली डोक्याचा काळा रंग झाकला जातो. हिवाळाभर गवत, काटे, वारा आणि ऊन यांमुळे कडा झिजत जातात आणि खालचा काळा रंग हळूहळू उघडा पडतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत नर आपल्या वसंतातील पेहरावात आलेला असतो, तोही डोक्यावरील पिसे पुन्हा न बदलता. नवी पिसे उगवण्यासाठी लागणारी प्रथिने आणि ऊर्जा परतीच्या प्रवासाआधी खर्च करावी लागत नाही, हा त्याचा लाभ.

हिवाळ्यातील दिनक्रम

एखाद्या झुडपाचा शेंडा, गवताचे उंच ताट, कुंपणाचा खांब किंवा तार अशी उघडी जागा निवडून गप्पीदास ताठ बसतो. शेपटी व पंख वरचेवर झटकत तो खालच्या जमिनीवर नजर ठेवतो. कोळी, मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे यांपैकी काही हलले की झेप घेऊन ते टिपतो आणि बहुधा त्याच किंवा शेजारच्या बैठकीवर परततो. ‘बसा आणि वाट पाहा’ या प्रकारच्या या शिकारपद्धतीला दोन गोष्टी लागतात : बसण्यासाठी काही उंचवटे आणि त्यांभोवती कीटक दिसतील इतकी मोकळी जमीन. दाट झाडीत त्याला खालची जमीन दिसत नाही आणि पूर्ण सपाट, बोडक्या मैदानात बसायला जागा नसते. झुडपे विरळ, गवत मध्यम उंचीचे आणि मधूनमधून उघडी माती असा माळ त्याच्या सर्वाधिक सोयीचा.

नावात ‘गप्पी’ असला तरी हिवाळ्यात तो फारसा बोलका नसतो. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा ‘टक् टक्’ आवाज तेवढा ऐकू येतो. गाणे तो विणीच्या प्रदेशासाठी राखून ठेवतो.

थव्याने राहणे त्याच्या स्वभावात नाही. प्रत्येक पक्षी माळाचा एक तुकडा आपला मानून राखतो. त्याच्या युरोपीय भाईबंदांबाबत इस्रायलमध्ये झालेल्या अभ्यासात असे आढळले, की हिवाळ्यात तेथे नर आणि मादी जोडीने टापू राखतात. प्रत्येकाला स्वतंत्र टापू लागत असल्यामुळे माळाचे क्षेत्र घटले तर उरलेल्या जागेत त्यांना दाटीवाटीने सामावून घेता येत नाही, हे यातून ओघाने येते.

विणीचा हंगाम उत्तरेत, साधारणपणे मे ते जुलै या काळात असतो. मादी गवताच्या झुबक्याच्या किंवा झुडपाच्या बुडाशी, जमिनीवरच किंवा जमिनीलगत वाटीसारखे घरटे बांधते. साधारणतः चार ते सहा अंडी असतात, ती मादी सुमारे दोन आठवडे उबवते आणि पिलांना भरविण्याचे काम दोघे मिळून करतात. उत्तरेकडील उन्हाळा अल्पकाळ टिकतो. त्यामुळे वीण, पिलांचे संगोपन, पिसे बदलणे आणि प्रवासासाठी चरबी साठविणे ही सारी कामे काही आठवड्यांत उरकावी लागतात.

अंगातील दिनदर्शिका

म्हैसूरच्या माळावर बसलेल्या पक्ष्याला उत्तरेकडे परतण्याची वेळ झाली, हे कसे कळते? पाठ्यपुस्तकी उत्तर ‘दिवसाची लांबी वाढू लागते म्हणून’ असे आहे. ते अपुरे आहे. म्हैसूर सुमारे १२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दीड तासाचा फरक पडतो. याउलट दक्षिण सायबेरियात, ५५ अंश अक्षांशाच्या आसपास, हाच फरक सुमारे दहा तासांचा असतो. म्हणजे ज्या ठिकाणी निघण्याचा निर्णय घ्यायचा तेथेच बाहेरचा संकेत सर्वांत क्षीण असतो.

या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी जर्मनीतील आंडेक्स येथील माक्स प्लांक संस्थेत एबरहार्ड ग्विनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे गप्पीदास पाळून प्रयोग केले. केनियातील स्थायिक, मध्य युरोपातील अल्प अंतर जाणारे आणि कझाकस्तानातील दूर अंतर जाणारे असे तीन प्रकारचे पक्षी त्यांच्याकडे होते. प्रकाशाचे तास वर्षानुवर्षे एकसारखे ठेवले, ऋतू कळण्याचे कोणतेही साधन उरू दिले नाही, तरीही आफ्रिकी गप्पीदासांची जननग्रंथींची वाढ आणि पिसे बदलण्याचे चक्र ठरलेल्या क्रमाने चालूच राहिले. मात्र हे चक्र नेमके ३६५ दिवसांचे नव्हते. ते कॅलेंडरपासून हळूहळू सरकत गेले. ते सरकते यावरूनच ते बाहेरच्या एखाद्या छुप्या संकेतावर चालत नसून पक्ष्याच्या शरीरात उपजत आहे, हे सिद्ध झाले. नैसर्गिक परिस्थितीत दिवसाच्या लांबीतील बदल या घड्याळाला दरवर्षी जुळवून घेतो. जीवशास्त्रात याला ‘वार्षिक जैविक लय’ असे म्हणतात.

स्थलांतराचा काळ आला की पिंजऱ्यातील पक्षी रात्री अस्वस्थपणे फडफडू लागतात. गप्पीदासही रात्रीच प्रवास करतो. ही अस्वस्थता मोजता येते. युरोपीय आणि आफ्रिकी गप्पीदासांच्या संकरातून झालेल्या पिलांत ती मधल्या प्रमाणात आढळली, म्हणजेच स्थलांतराची प्रवृत्ती आनुवंशिक असल्याचा पुरावा मिळाला. पुढे २००६ मध्ये बार्बरा हेल्म आणि ग्विनर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर केनियातील स्थायिक पक्ष्यांमध्येही अशी थोडी अस्वस्थता दिसून आली. कधीही दूर न जाणाऱ्या पक्ष्याच्या अंगात प्रवासाची हुरहुर का असावी, यावर आजही चर्चा चालते.

मार्ग, कडी आणि माकडताप

‘सायबेरियन’ या नावावरून म्हैसूरला येणारा प्रत्येक गप्पीदास सायबेरियातूनच येतो, असा समज करून घेऊ नये. याचे वीणक्षेत्र सायबेरियापासून मध्य आशियामार्गे हिमालयापर्यंत पसरलेले आहे. हिमालयात वीण करणारी उपजातीही हिवाळ्यात मैदानात उतरते. पश्चिम हिमालयातून म्हैसूरपर्यंतचे सरळ अंतर दोन हजार किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. दक्षिण सायबेरियातून ते साडेचार हजारांच्या पुढे जाते. एवढ्या लहान पक्ष्याचा मार्ग कळण्यासाठी उपग्रह-यंत्रे जड पडतात. प्रकाशाची नोंद ठेवणारे, एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वजनाचे ‘जिओलोकेटर’ हे साधन त्यासाठी वापरतात. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळांवरून पक्ष्याचे स्थान काढले जाते. जपानमधील होक्काइडो बेटावरील गप्पीदासांच्या जवळच्या जातीचा असा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते पक्षी चीनमार्गे आग्नेय आशियात जातात, असे त्यातून दिसले.

भारतात पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून स्थलांतराचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास सुरू झाला, त्यामागे एका साथरोगाची पार्श्वभूमी आहे आणि ती तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. गोचिडांमार्फत पसरणारा हा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी मिळताजुळता होता. मग साहजिकच शंका आली : सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तर तो येथे आणला नसेल? या प्रश्नाच्या उत्तरासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून कडी घालण्याचा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांवरील आरोप काही सिद्ध झाला नाही. परंतु त्या निमित्ताने भारतीय स्थलांतराविषयीची माहिती प्रथमच पद्धतशीरपणे जमा होऊ लागली. क्यासनूरचा हा रोग ‘माकडताप’ या नावाने महाराष्ट्रालाही परिचित झाला आहे. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला होता.

म्हैसूरशी सालिम अलींचा संबंध त्याआधीचा आहे. त्यांनी म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती आणि ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह तिचा वृत्तान्त १९४२-४३ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणत्या पक्ष्याचे प्रमाण पूर्वी काय होते, हे ठरविण्यासाठी अशा जुन्या पाहण्या आज आधाररेषा म्हणून उपयोगी पडतात.

कावल, गोमाळ आणि ‘खराब’ जमीन

म्हैसूर संस्थानाकडे माळरानाचे मोल जाणणारी एक जुनी व्यवस्था होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिक्कदेवराज वडेयर यांनी राज्याच्या गुरांसाठी कुरणे राखून ठेवली. टिपू सुलतानाच्या काळात या खात्याला ‘अमृत महल’ असे नाव मिळाले. तोफा ओढणारे, चपळ आणि काटक अमृत महल बैल लष्करी हालचालींत प्रसिद्ध होते. या गुरांसाठी राखलेल्या माळांना ‘कावल’ म्हणत. कावलांची विभागणी उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी अशी ऋतूंनुसार केलेली असे आणि गुरे ठरलेल्या काळात एका कावलातून दुसऱ्यात नेली जात. आजच्या भाषेत ज्याला ‘आवर्तनी चराई’ म्हणतात ती हीच. गवताला विश्रांती मिळे, झुडपे माजत नसत आणि माळ माळच राहत असे. पक्ष्यांसाठी म्हणून कोणी हे केले नव्हते. तरी गप्पीदासाला हवा तसा माळ या व्यवस्थेने आपोआप टिकविला.

हासन, चिक्कमगळूरू, तुमकूरू, चित्रदुर्ग, शिवमोग्गा या जिल्ह्यांत कावलांचे अवशेष अजून आहेत; चिक्कमगळूरू जिल्ह्यातील अज्जंपुरा येथे अमृत महल गुरांचे पैदास केंद्र आहे. मात्र कावलांच्या मूळ क्षेत्राचा फार मोठा भाग शेती, वनीकरण, वसाहती आणि विविध प्रकल्प यांकडे गेला. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथे सुमारे दहा हजार एकर कावल जमीन २००९ नंतर संरक्षण, अणुऊर्जा, अवकाश आणि विज्ञान क्षेत्रांतील संस्थांना देण्यात आली. तिच्यावर गुरे-मेंढ्या चारणाऱ्या गावकऱ्यांचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढेही गेला. असे प्रकल्प देशाला हवेत यात शंका नाही. अडचण अशी, की जागा निवडताना माळ ही ‘रिकामी’ जमीन समजली जाते आणि जंगल तोडताना जो विचार होतो तो येथे होत नाही.

या समजाचे मूळ महसुली परिभाषेत आहे. कर्नाटकात गावच्या गायरानाला ‘गोमाळ’ म्हणतात आणि लागवडीस अयोग्य क्षेत्र ‘खराब’ म्हणून नोंदले जाते. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यातही ‘पोटखराबा’ आहेच. ज्या जमिनीवर पीक निघत नाही आणि सारा मिळत नाही ती खराब, ही वसाहतकाळातील दृष्टी होती. स्वातंत्र्यानंतर पडीक जमिनींचे नकाशे तयार झाले, तेव्हाही झुडपी आणि गवताळ क्षेत्र मोठ्या प्रमाणावर त्याच वर्गात गेले. पडीक ठरलेल्या जमिनीचा ‘विकास’ करणे हे मग ओघानेच आले आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे वृक्षलागवड. वास्तविक दख्खनची माळराने म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष नव्हेत. जुन्या मराठी साहित्यातील वनस्पतींच्या उल्लेखांचा अलीकडेच अभ्यास झाला, त्यातूनही ही माळराने शतकानुशतके अस्तित्वात असल्याचे दिसते. २०१९ मध्ये नवी दिल्ली येथील वाळवंटीकरणविरोधी परिषदेत भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर अवनत जमिनीचे पुनरुज्जीवन करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. या उद्दिष्टात माळावर खड्डे खोदून झाडे लावणे हेच पुनरुज्जीवन मानले गेले, तर जे टिकवायचे तेच नष्ट होण्याचा धोका आहे.

नियोजन आयोगाने गवताळ प्रदेश आणि वाळवंटे यांसाठी नेमलेल्या कृतिदलाने २००६ मध्येच अहवाल दिला. माळ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर देशात एक नाही. काही वन खात्याकडे, काही महसुलाकडे, काही पशुसंवर्धन खात्याकडे आणि उरलेले ग्रामपंचायतींकडे. सर्वांचे असलेले बहुधा कोणाचेच नसते, याचा अनुभव गायरानांवरील अतिक्रमणांतून येतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. हा निकाल परीक्षार्थींनी अवश्य वाचावा.

संख्या आणि करार

गप्पीदास आज संकटात नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या सूचीत तो ‘किमान चिंता’ या वर्गात आहे आणि बांधाच्या कडेला, पडीत शेतातही तो भागवून घेतो. माळढोकासारखी त्याची गत झालेली नाही. तथापि ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या २०२३ च्या अहवालात, केवळ गवताळ प्रदेशावर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटल्याचे नमूद आहे. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर हा अहवाल आधारलेला आहे. जुळवून घेणारा गप्पीदास टिकून आहे म्हणून माळ सुस्थितीत आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर स्थलांतरित वन्यजीवांविषयीचा बॉन करार (१९७९) महत्त्वाचा असून भारत १९८३ पासून त्याचा सदस्य आहे. कराराची तेरावी परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगर येथे झाली. भारत ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतो त्यात ३० देशांचा समावेश होतो. २०२४ च्या समरकंद परिषदेत या मार्गासाठीच्या उपक्रमाला मान्यता मिळून त्याचा समन्वय कक्ष भारतात ठेवण्याचे ठरले. या मार्गासाठी २००५ मध्ये तयार झालेला कृती आराखडा मात्र १८२ जातींच्या पाणपक्ष्यांपुरता होता. माळावर उतरणारा लहान गायक पक्षी त्यात बसत नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले, त्यामुळे हा विषय परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

म्हैसूरच्या पक्षीनिरीक्षकांनी गेल्या दशकात शहराचे चौकोन पाडून पक्ष्यांचा नकाशासंग्रह तयार केला. अशा कामासाठी पदवी लागत नाही. ऑक्टोबर ते मार्च या काळात आपल्या गावच्या गायरानावर ठरावीक दिवशी, ठरावीक वाटेने चालून गप्पीदास किती दिसले, कशावर बसले होते, गवताची उंची किती होती, गुरे होती की नव्हती, एवढे टिपून ठेवता येते. त्याच वहीत त्या गटाचा क्रमांक आणि सातबाऱ्यावरील जमिनीचा प्रकारही लिहावा. पाच हिवाळ्यांच्या अशा नोंदी जमल्या, तर ग्रामसभेत गायरानाच्या वापराचा विषय निघेल तेव्हा तेथे काय राहते हे कागदावर दाखविता येईल.